अळणी पाव आणि अर्धा वाटा: इटलीच्या शेतघरातलं जेवण

आज आपण इटलीला चाललोय. पण रोम नाही, व्हेनिस नाही, आज मुक्काम खेड्यात.

समजा, टस्कनीतल्या एका शेतघरात तुम्ही सुट्टीला उतरलात. रात्री जेवायला बसलात आणि पावाचा पहिलाच घास अळणी लागला. तर घरची बाई मीठ घालायला विसरली असं समजू नका हं. टस्कनीचा पारंपरिक पाव बिनमिठाचाच असतो. सोबत येणारं मेंढीच्या दुधाचं चीज आणि मिठात मुरवलेलं मांस आधीच इतकं खारट असतं की पावात मीठ नसलेलंच बरं.

या पावाची खरी गंमत मात्र तो शिळा झाल्यावर सुरू होते. उन्हाळ्यात तो पाण्यात भिजवतात, पिळून घेतात आणि त्यात टोमॅटो, कांदा, तुळशीच्या जातीतलं बेझिल, व्हिनेगर आणि ऑलिव्हचं तेल घालतात. ही झाली 'पान्त्सानेला'. थंडीत तोच पाव घेवड्याच्या दाण्यांच्या आणि काळपट कोबीच्या पानांच्या दाट सूपमध्ये जातो. हे सूप दुसऱ्या दिवशी पुन्हा उकळून खातात, म्हणून त्याचं नाव 'रिबोल्लिता'. शब्दाचा अर्थच 'परत उकळलेली'. आपल्याकडे शिळ्या पोळीला फोडणी देतात ना, अगदी तीच बुद्धी.

आता प्रश्न असा, की टस्कनीच्या शेतकऱ्याला पावाचा तुकडान् तुकडा का जपावा लागत होता?

त्याचं एक मोठं कारण म्हणजे 'मेझाद्रीया'. मेझ्झो म्हणजे अर्धा. शेतकऱ्याचं कुटुंब मालकाच्या जमिनीवर, मालकाच्याच घरात राहायचं आणि पिकातला अर्धा वाटा मालकाला द्यायचं. आपल्याकडच्या अर्धेलीसारखंच. उरलेल्या अर्ध्यात मोठं खटलं जगवायचं म्हटल्यावर शिळं टाकणार कोण? या साध्या स्वयंपाकाला इटालियन भाषेत 'कुचिना पोवेरा' म्हणतात, म्हणजे गरिबाघरचा स्वयंपाक. आज पर्यटक कौतुकानं फोटो काढतात ती रिबोल्लिता तिथूनच आली आहे.

बरं, ही गरिबी उगाच गोड करून सांगण्यात अर्थ नाही. उत्तर इटलीत मक्याच्या पिठाची 'पोलेंटा' खातात. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात तिथल्या गरीब शेतकऱ्यांच्या ताटात कित्येकदा पोलेंटाशिवाय दुसरं काहीच नसायचं. मका आला अमेरिकेतून. पण तिथले मूळ लोक मका चुन्याच्या किंवा राखेच्या पाण्यात शिजवून घ्यायचे, ती रीत काही युरोपात आली नाही. त्यामुळे मक्यातलं एक जीवनसत्त्व शरीराला मिळेना आणि 'पेलाग्रा' नावाचा आजार पसरला. त्यात कातडी सोलवटायची, भ्रम व्हायचा, माणसं मरायची. म्हणजे एखादा पदार्थ 'पारंपरिक' आहे म्हणून त्यामागचे दिवस चांगलेच होते असं नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर तरुण मंडळी शहरांत, कारखान्यांत गेली. १९६४ साली मेझाद्रीयाचे नवे करार करायला कायद्यानं बंदी आली. माणसं गेली, दगडी शेतघरं ओस पडली. आता हा स्वयंपाक करणार कोण आणि कोणासाठी?

इथे येतं 'आग्रितुरिस्मो', म्हणजेच कृषी पर्यटन. आपण हुरडा खायला कोणाच्या तरी शेतावर जातो तसंच, पण मुक्कामासकट आणि कायद्यानं बांधलेलं. १९८५ साली इटलीनं यासाठी देशपातळीवर कायदा केला आणि २००६ साली त्याच्या जागी नवा आणला. त्यातली मुख्य अट समजून घ्या. शेतघरात पाहुणे ठेवण्याचा हक्क शेतकऱ्यालाच आहे, आणि शेती हाच त्याचा मुख्य व्यवसाय राहिला पाहिजे. ताटात स्वतःच्या शेतातला आणि त्याच भागातला माल ठरावीक प्रमाणात असलाच पाहिजे. ते प्रमाण किती, हे प्रत्येक प्रांत आपापलं ठरवतो. थोडक्यात, नुसतं शेत विकत घेऊन त्यावर हॉटेल उघडलं आणि बाजारातून माल आणला, तर ते आग्रितुरिस्मो नाही.

म्हणून तिथे बऱ्याच ठिकाणी मेनूकार्ड नसतं. शेतात जे तयार असेल ते शिजतं. जेवायला आधी फोन करून सांगावं लागतं. आणि एक सांगतो, पास्ता आला की त्यावरच पोट भरू नका. तो असतो 'प्रीमो', पहिला पदार्थ. त्यानंतर मुख्य पदार्थ, भाजी आणि गोड यायचं असतं.

आता प्रांत बदलला की ताट कसं बदलतं बघा. इटली एक राष्ट्र झालं १८६१ साली. त्याआधी शतकानुशतकं वेगवेगळी राज्यं होती, आणि हवामान-जमीन तर आजही वेगळी आहे.

उत्तरेला एमिलिया-रोमान्या. पो नदीचं सपाट, सुपीक खोरं. गाई भरपूर, म्हणून लोणी, चीज आणि अंड्यात मळलेला ताजा पास्ता. बोलोन्यात मांसाचा रागू स्पगेटीवर नाही, तर 'तालियातेल्ले' या चपट्या पट्ट्यांवर घालतात. इथलंच पार्मिजानो रेज्जानो चीज. एक चाक साधारण ४० किलोचं, आणि ते किमान १२ महिने मुरवलं जातं. चीज करताना उरलेलं पाणी परंपरेनं डुकरांना पाजतात आणि त्यांच्याच मांडीपासून पार्माचा प्रसिद्ध हॅम होतो. वाया काहीच जात नाही.

खाली दक्षिणेला पुलिया. ऊन कडक, गहू कठीण जातीचा. तिथला पास्ता म्हणजे नुसता रवा आणि पाणी, अंडं नाही. अंगठ्यानं दाबून केलेल्या छोट्या कानांसारख्या 'ओरेक्किएत्ते', त्यावर सलगमच्या जातीतल्या कडसर पालेभाजीचे कोवळे शेंडे. किंवा बाकल्याच्या दाण्यांचं दाट वरण आणि शेजारी कडू चिकोरीची भाजी.

शाकाहारी मंडळींनो, इथे जरा कान द्या. पुलियातली बाकला-चिकोरी बिनधास्त मागा. पण पार्मिजानो शाकाहारी नाही, कारण त्यात वासराच्या पोटातून काढलेलं रेनेट वापरतात. रोमान्यातली 'पिआदिना' दिसते आपल्या पोळीसारखी, पण तिच्या पिठात पारंपरिक रीतीनं डुकराची चरबी घालतात. भाजीच्या सूपमध्येही मांसाचं पाणी असू शकतं. प्रत्येक वेळी विचारून घ्या.

आणि विचारायचंच आहे तर अजून एक वाक्य पाठ करून जा. 'कोझा प्रोदुचेते वोई?' म्हणजे 'तुम्ही स्वतः काय पिकवता?' 'इथलं सगळ्यात फेमस काय आहे?' यापेक्षा हा प्रश्न कामाचा. यजमान तेलाच्या बाटलीकडे बोट दाखवेल, नाहीतर बाहेरच्या मेंढ्यांकडे. ज्याला उत्तर देता येतं त्याच्याकडे थांबा, तिथेच जेवा आणि निघताना तेल किंवा चीज त्याच्याकडूनच विकत घ्या. कारण त्याला शेती परवडली तरच रिबोल्लिता त्या घरात शिजत राहील. नाहीतर उरतील सुंदर दगडी भिंती आणि आत कुठूनही आणलेलं जेवण.