इवल्या विमानाचा रंग

पावसाळा सरल्यानंतरच्या एखाद्या निर्मळ सकाळी राजगडाच्या बालेकिल्ल्यावरून पश्चिमेकडे दृष्टी टाकली असता तोरणा समोर उभा दिसतो. सरळ रेषेत हे अंतर सुमारे ७ किलोमीटर आहे. तोरण्याचा कातळ काळा आणि त्याखालील रान हिरवे, हे वेल्ह्यातील लहान मुलासही ठाऊक; परंतु तेथून पाहणाऱ्यास तो सारा गड निळसर राखी भासतो. दक्षिणेस भोरकडील रायरेश्वराच्या रांगा तर त्याहूनही पुसट, जवळजवळ आभाळातच विरलेल्या दिसतात. मधली हवा आणि तीत तरंगणारे सूक्ष्म कण सूर्यप्रकाश विखुरतात. त्या विखुरलेल्या प्रकाशाचा पडदा डोंगरावर चढतो आणि मूळ रंग फिकटतो.

विमानांच्या प्रमाणबद्ध प्रतिकृती बांधणारे हौशी लोक नेमका हाच दाखला आपल्या एका जुन्या वादात पुढे करीत आले आहेत. खऱ्या विमानाचा रंग इवल्या विमानास जसाच्या तसा द्यावा, की त्यात थोडा पांढरा मिसळून तो फिका करावा, हा तो वाद होय. फिक्या रंगाच्या पुरस्कर्त्यांचे म्हणणे असे की, प्रतिकृती पाहणे म्हणजे खरे विमान दुरून पाहणे. मग दूरत्वाचा परिणाम रंगात का उतरू नये?

युक्तिवाद मोहक आहे, पण आकड्यांपुढे तो टिकत नाही. ह्या छंदात १:७२ हे प्रमाण फार रूढ आहे. १९३२ च्या सुमारास इंग्लंडात निघालेल्या ‘स्कायबर्ड्स’ ह्या लाकडी प्रतिकृतींनी ते प्रचारात आणले. एक इंच म्हणजे सहा फूट, म्हणजेच एक पुरुष उंची, असा त्याचा सुटसुटीत हिशेब. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा ज्या पस मॉथ विमानातून कराचीहून मुंबईस टपाल घेऊन आले, त्या जातीच्या विमानाच्या पंखांचा विस्तार ३६ फूट ९ इंच. प्रतिकृतीत तो सहा इंचांहून किंचित अधिक भरतो. अशी प्रतिकृती एका फुटावरून न्याहाळणे म्हणजे खरे विमान ७२ फुटांवरून, अर्थात सुमारे २२ मीटरांवरून पाहणे. जेव्हा २० किलोमीटरपर्यंतचे दिसते, तेव्हा २२ मीटर हवेने रंगातील भेद अर्ध्या टक्क्यानेही कमी होत नाही. तोरण्याचा न्याय येथे लागू पडत नाही.

तरीही फिका रंगच डोळ्यांस पटतो, हे खरे. कारण दुसरीकडे आहे. एकच रंग मोठ्या पृष्ठभागावर अधिक उजळ दिसतो आणि नखाएवढ्या तुकड्यावर काळवंडतो. भिंत रंगवून घेणाऱ्या गृहस्थांस दुकानातील नमुन्याने कसे फसविले ते आठवावे! शिवाय विमान उभे असते उन्हात आणि प्रतिकृती असते घरातील कपाटात. प्रखर प्रकाशात रंग अधिक तेजस्वी भासतात. दिव्याच्या उजेडात तेच मंदावतात. आणि आपल्याकडील ऊन व पाऊस सोसलेले विमान कारखान्यातून निघाल्या दिवसासारखे राहत नाही, हेही आहेच. तेव्हा थोडा पांढरा मिसळणे योग्य, मात्र ते हवेच्या नावावर खपवू नये.

मूळ रंग कोणता, हे ठरविणे मात्र ह्याहून बिकट. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीच्या ड्रिग रोड येथे हिंदी हवाई दलाची पहिली तुकडी चार वापिती विमानांनिशी उभी राहिली. ती विमाने रुपेरी दिसत. कापडी आवरण ताणून बसावे म्हणून त्यावर ‘डोप’ नावाचे द्रव्य चढवीत, आणि त्यातील ॲल्युमिनियमची भुकटी उन्हातील अतिनील किरणांपासून कापडाचा बचाव करी. पण जुन्या छायाचित्रांवरून पंखांवरील तांबडे-पांढरे-निळे चक्र रंगवू पाहणारा हमखास चकतो. त्या काळच्या ‘ऑर्थोक्रोमॅटिक’ फिल्मला तांबडा रंग जवळजवळ दिसतच नसे. म्हणून तो काळा उतरे, आणि निळा पांढुरका. पिवळ्याचीही तीच गत: तो चित्रात चांगलाच गडद दिसे. फिल्म कोणत्या जातीची हे न पाहता रंगविलेली प्रतिकृती सुबक असूनही खोटी ठरते.

ह्या चक्रातील तांबड्याची कथा केवळ छंदाची नव्हे. जपानी विमानांची खूण म्हणजे तांबडी तबकडी. आकाशात क्षणार्धात आप-पर ओळखताना मित्राच्या चक्रातील तांबडा ठिपका शत्रूचा वाटे आणि आपल्याच तोफा आपल्याच विमानावर वळण्याचा धोका असे. अमेरिकेने मे १९४२ मध्ये आपल्या ताऱ्यातील तांबडा ठिपका काढून टाकला. ब्रह्मदेशाच्या आघाडीवरील ब्रिटिश व हिंदी विमानांवरही पुढे गडद निळा आणि फिकट निळा एवढेच उरले. स्वातंत्र्यानंतर अल्पकाळ अशोकचक्र आले आणि १९५० पासून बाहेर केशरी, मध्ये पांढरे, आत हिरवे असे वर्तुळ रूढ झाले.

म्हणून फेब्रुवारी १९४२ मध्ये के. के. मुजुमदार ह्यांच्या नेतृत्वाखाली ब्रह्मदेशात लढलेल्या पहिल्या स्क्वॉड्रनचे लायसँडर विमान कोणी करावयास घेतले, तर चक्रातील तांबडा ठिपका राखावा; १९४४ चे हरिकेन करावयाचे असल्यास तांबड्याची डबी उघडूच नये.