अंतर तेच, वेळ वेगळा

फेब्रुवारी २०२० मध्ये न्यूयॉर्कहून निघालेलं ब्रिटिश एअरवेजचं एक जंबो जेट ४ तास ५६ मिनिटांत लंडनला पोहोचलं. वेळापत्रकाच्या तासाभराहून जास्त आधी. वाटेत जमिनीच्या हिशेबाने त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. तेवढ्या उंचीवर ध्वनीचा वेग असतो ताशी साधारण १,०६० किलोमीटर. म्हणजे विमानाने ध्वनीलाही मागे टाकलं? छे! भोवतालच्या हवेत ते नेहमीच्याच चालीने उडत होतं. हवाच सुसाट निघाली होती.

ही हवा म्हणजे जेट स्ट्रीम. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, ध्रुवाकडची थंड आणि विषुववृत्ताकडची उबदार हवा जिथे भेटते तिथे, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वाऱ्याचा अरुंद पट्टा. हिवाळ्यात दोन्हींच्या तापमानातली तफावत वाढते, तसा याचा जोरही वाढतो. वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले होते. जगाला कळावं म्हणून त्याने अहवाल छापला तो एस्पेरांतो भाषेत, आणि जगाने तो वाचलाच नाही. पुढे दुसऱ्या महायुद्धात जपानवर चालून गेलेली अमेरिकी बॉम्बफेकी विमानं याच वाऱ्यांत सापडली.

अमेरिकेत लेकीकडे जाऊन आलेल्या आईवडिलांनाही ठाऊक असतं, की येताना वेळ कमी लागतो. ‘पृथ्वी फिरते ना, म्हणून,’ असं स्पष्टीकरण हमखास ऐकू येतं. पण पृथ्वीबरोबर तिचं वातावरणही फिरतं. शिवाय ते खरं असतं, तर पूर्वेकडे फिरणाऱ्या पृथ्वीवर पश्चिमेला जाणंच सोपं झालं असतं!

मग जाताना गमावलेला वेळ येताना पुरता वसूल होतो का? न्यूयॉर्क-लंडन अंतर सुमारे ५,५४० किलोमीटर. विमानाचा वेग ताशी ९०० आणि वारा सबंध वाटभर १५० धरू. पाठीशी वारा असेल तर ५ तास १७ मिनिटं, समोरून असेल तर ७ तास २३ मिनिटं. एकूण १२ तास ४० मिनिटं. वाराच नसता तर येऊन-जाऊन १२ तास १९ मिनिटांत काम झालं असतं. एकवीस मिनिटं गेली कुठे? उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकतं, म्हणून नुकसानही जास्त वेळ सोसावं लागतं.

त्यामुळे अटलांटिकवर वाऱ्याचा अंदाज पाहून मार्ग रोज नव्याने आखतात. पूर्वेला निघालेला वैमानिक जेट स्ट्रीम गाठायला बघतो, पश्चिमेला निघालेला ती चुकवतो, मग वळसा का पडेना. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने तर दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिक सोडून पॅसिफिकवरून नेलं. अंतर १३,९०० वरून १५,३०० किलोमीटरवर गेलं. तरीही वारा पाठीशी असल्याने प्रवास साडेचौदा तासांत, म्हणजे जुन्या वाटेपेक्षा लवकरच आटोपला.