मेंढीच्या कासेकडे उशिरा वळलेली नजर

दौंड-शिरूरच्या माळावर मेंढीची धार काढतात ती वाड्यावरच्या चहापुरती. बाकीचं दूध कोकराचं. दख्खनी मेंढी पाळली गेली मटणासाठी, लोकरीसाठी आणि शेतात बसवल्यावर पडणाऱ्या लेंडीखतासाठी. तिच्या दुधाचा हिशेब कधी मांडला गेला नाही. त्यामुळे कासेकडेही कुणी नीट पाहिलं नाही.

गाईंचं तसं नव्हतं. मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये दौंडच्या उंबऱ्याशी, उरुळीकांचनला, ‘बाएफ’ ही संस्था सुरू केली आणि होल्स्टीन-जर्सीच्या संकरित कालवडी गोठ्यागोठ्यात आल्या. लिटर वाढले. पुढे माणसं मिळेनात, म्हणून धारेचं मशीन आलं, आणि मग कासेचा घाट उघडा पडला. गाईचे पुढचे सड लवकर रिकामे होतात, मागच्यांत दूध उरतं. चारही कप मात्र एकदमच ओढतात. रिकाम्या सडावर मशीन चालू राहिलं की सडाचं तोंड दुखावतं आणि दगडीला, म्हणजे कासेच्या सुजेला, वाट मिळते. बेढब कासेला कप नीट बसत नाही, हवा आत शिरते. वळू निवडतानाच त्याच्या आईची कास पाहायला हवी होती, हे कळायला फार वर्षं गेली.

मेंढीत संकराचं मोठं काम झालं ते दौंडच्या दक्षिणेला, फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत. १९९० च्या दशकात तिथे सुंदरबनची गरोल मेंढी आणली गेली. अंगानं लहानखुरी, पण जुळ्या-तिळ्यांची. या गुणामागचा ‘फेक-बी’ जनुक २००१ मध्ये नेमका सापडला, आणि मग रक्ताच्या तपासणीवरून नर निवडता येऊ लागले. डॉ. चंदा निंबकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यातून ‘सुवर्णा’ मेंढी घडवली. पण जुळं झालं की एका कोकराचं दूध दोघांना कसं पुरणार? म्हणूनच या संकरात इस्रायलची दुधाळ अवासीही घेतली गेली. मला या कामातला हा टप्पा सर्वांत मोलाचा वाटतो, कारण इथे पहिल्यांदा आपल्या मेंढीच्या दुधाला किंमत आली.

ज्या देशांत मेंढीची धार मशीननं काढतात, तिथले अनुभव इथे कामाचे आहेत. मेंढीचं निम्म्याहून अधिक दूध कासेच्या तळाच्या पोकळीत साठतं. सड बाजूला, वर लागलेले असतील तर त्यांच्या खालचं दूध मशीनला ओढता येत नाही. माणसाला कास हातानं उचलून धरावी लागते. इस्रायलमध्ये त्यासाठी कास वर धरणारा आकडाच निघाला. फ्रान्सच्या लाकोन मेंढीत आधी नुसतं दूध वाढवलं, कास ओघळली. अखेर २००५ पासून कासेचा घाट निवडीच्या निकषांत घ्यावा लागला.

आपल्याकडे मेंढीला मशीन लावायची वेळ आज आलेली नाही. कास मात्र आजच पाहायला हवी. दिवाळीनंतर कोकणाकडे उतरणाऱ्या कळपात लोंबती कास बोराटीच्या काट्यांनी फाटते. तिन्हीसांजेला वाघरीत नुकतं जन्मलेलं कोकरू आईच्या मांड्यांमध्ये ढुसण्या देत सड शोधतं; सड फार वर किंवा फार खाली असेल तर ते उपाशीच थकतं, आणि जुळ्यातलं अशक्त कोकरू पहिल्या चिकाला मुकतं. पोटाशी घट्ट बांधलेली, दोन्ही बाजूंनी सारखी कास आणि कोकराच्या तोंडात सहज येणारे मध्यम सड, एवढं जमलं तर उद्या मशीन आलं तरी निम्मं काम झालेलं असेल.

म्हणून मेंढपाळ बंधूंना विनंती: नर विकत घेताना त्याची उंची, कान, रंग पाहाच, पण त्याची आई दुभती असेल तर तिच्या कासेखालून एकदा हात फिरवा, आणि दोन्ही सडांना धार आहे ना, ते पाहूनच पैसे मोजा.