साडेतीन फुटी की चार? छोट्या ट्रॅक्टरमागचा रोटाव्हेटर

डिसेंबरात मोशीला भरणाऱ्या ‘किसान’ प्रदर्शनात लोक ट्रॅक्टरवर बसून फोटो काढतात, तेव्हा मी मागे वाकून रोटाव्हेटरची पाती मोजत असतो. स्टॉलवरची पोरं आधी माहितीपत्रक हातात देतात. साइड गिअरचं झाकण उघडून दाखवा म्हटलं की साहेबांना बोलावतात. या हौसेपायी गावाकडून फोनही येतात. ‘काका, चोवीस एचपीचा घेतलाय, मागं चार फुटी बसेल का?’ बसतो की! थ्री पॉइंटला पिना लागल्या की कुठलाही बसतो. पण काळ्या रानात तो दिवसभर चालेल का, हे वाफशावर रान आल्यावर कळतं आणि तोवर पैसे देऊन झालेले असतात.

हिशेब तसा अवघड नाही. ट्रॅक्टरच्या बॉनेटवर लिहिलेले एचपी इंजिनाचे असतात, रोटाव्हेटरला मिळतात ते पीटीओचे, म्हणजे यंत्र फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टचे. मधल्या वाटेत ढोबळमानाने पंधरा टक्के जातात, म्हणजे चोवीसचे हातात वीसच उरतात. हलक्या, मुरमाड जमिनीत चार-पाच इंच खोलीला फुटामागे पाच एचपी धरले तर चार फुटी निभतो. काळ्या चिकट रानात मी सहाच्या खाली येत नाही, आणि मग साधारण साडेतीन फुटांवरच थांबावं लागतं. पंधरा-अठरा एचपीवाल्यांनी अडीच-तीन फुटांच्या पुढे पाहूच नये.

आता माझ्या आवडीचा भाग. रोटाव्हेटरचा आकार म्हणजे रुंदी, असं सगळे धरून चालतात. मला विचाराल तर खरा आकार पात्याच्या घासाचा. आपल्याकडे बहुतेक यंत्रांना इंग्रजी ‘एल’सारखी वाकलेली पाती असतात, एका चकतीवर सहा: तीन डावी, तीन उजवी. समजा, रोटर मिनिटाला 200 फेरे घेतोय आणि ट्रॅक्टर ताशी अडीच किलोमीटर चालतोय. एका फेऱ्यात ट्रॅक्टर साधारण 21 सेंटिमीटर पुढे सरकतो. तेवढ्यात एका बाजूची तीन पाती मातीत उतरतात, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला सात सेंटिमीटरचा घास येतो. माती छान भुसभुशीत होते. हेच ताशी चारने हाणलं की घास अकरावर जातो आणि मागे ढेकळं दिसू लागतात. चकतीवर चारच पाती असतील, तर अडीचच्या वेगालाही घास दहाच्या वर. स्वस्त यंत्र घेताना ही पाती मोजून घ्यावीत, ती माहितीपत्रकात ठळक छापलेली नसतात.

रुंदीचा घोळ इथेच सुरू होतो. झेपेल त्यापेक्षा मोठा रोटाव्हेटर लावला की इंजिन दबतं, पीटीओ मिनिटाला 540 फेऱ्यांवरून खाली येतो आणि त्याबरोबर रोटरही मंदावतो. त्याच गिअरमध्ये ट्रॅक्टरचा वेगही तेवढाच घटतो; वेग टिकवायला गिअर वर टाकला, तर 200 च्या 160 फेऱ्यांना सातचा घास जवळपास नऊ होतो. ड्रायव्हर मग गिअर खाली टाकतो, किंवा लिव्हर थोडी उचलून तीन इंचांवरच काम उरकतो. अर्ध्या फुटाच्या हव्यासापायी वेळही जातो, खोलीही जाते. डिझेलचं तर बोलायलाच नको.

(या यंत्राचा इतिहास घाईत सांगून टाकतो: ऑस्ट्रेलियातल्या गिलगांड्राजवळ आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड या तरुणाने 1912 साली वडिलांच्या शेतावर प्रयोग सुरू केले, माती बाजूला उडत होती म्हणून पुढे हे ‘एल’ पातं काढलं, 1920 मध्ये पेटंट घेतलं. आपण अजून त्याच पात्यावर आहोत.)

फक्त ताकदीवरही भागत नाही. मागच्या दोन चाकांच्या बाहेरच्या कडांपर्यंत टेप लावा. रोटाव्हेटर त्याहून चार बोटं तरी रुंद हवा, नाहीतर चाकाखाली दबलेली चाकोरी तशीच राहते. म्हणून छोट्या ट्रॅक्टरची चाकं आत घेता येतात का, हे आधी पाहायचं. ती येत नसतील तर यंत्र एका अंगाला सरकवून बसवायची सोय असलेलं घ्यावं, एक चाकोरी तरी पुसली जाते.

निफाड-पिंपळगावकडच्या द्राक्षबागांत हे गणित फार सुंदर जमतं. नऊ फुटांची ओळ, दोन्ही वेलींकडे दीड-दीड फूट बोद सोडला की मधे सहा फूट उरतात. साडेतीन फुटीची एक फेरी जाताना, एक येताना, मधे फूटभर दुबार. पाच फुटी एका फेरीत उरकेल म्हणणाऱ्यांनी त्यासाठी लागणारा ट्रॅक्टर मंडपाखाली घालून दाखवावा. बोदाच्या जवळ पांढरी मुळी वरच असते, तिथे खोली कमी ठेवलेली बरी. एका बागेत मी रोटरचं टोक उघडलेलं पाहिलं: ठिबकच्या नळीचं काळं वेटोळं आणि त्यात हराळीचे धागे इतके घट्ट बसले होते की ऑइल सील कापलं जाऊन तेल गळत होतं. ते टोक रोज संध्याकाळी साफ करायला दहा मिनिटं लागतात, बेअरिंग बदलायला अख्खा दिवस. आणि हराळी-लव्हाळ्याच्या रानात रोटाव्हेटर मारू नये, हे माझं ठाम मत; एका काडीच्या दहा होतात.

ओल्या रानातही तेच. वाफसा नसताना फिरवला की पाती तळाला माती लिंपत जातात, सहा इंचांखाली कडक थर धरतो आणि पुढच्या पावसाचं पाणी तिथेच अडतं.

वजनाकडे दुर्लक्ष नको. लिफ्टची क्षमता साडेसातशे किलो लिहिलेली असली तरी ती जोडाच्या टोकाशी मोजलेली; रोटाव्हेटरचं वजन त्याच्याही मागे पडतं. बांधावर वळताना पुढची चाकं हलकी होत असतील तर पुढे वजनं टाकावीत. रोटर चाकांच्याच दिशेने फिरत असल्याने कडक रानात तो हलक्या ट्रॅक्टरला पुढे ढकलतो, तेव्हा उतारावर जपून. पीटीओ शाफ्टचं प्लास्टिक कव्हर काढून टाकणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्यांच्या शेतावर थांबतच नाही. ओढणी, उपरणं, सैल बाही, त्या शाफ्टला काहीही पुरतं.

सामाजिक न्याय विभागाच्या योजनेत अनुसूचित जाती व नवबौद्ध बचत गटांना 9 ते 18 अश्वशक्तीचा मिनी ट्रॅक्टर उपसाधनांसह नव्वद टक्के अनुदानावर मिळतो. अशा गटांनी रोटाव्हेटर निवडताना तीन फुटांच्या पुढे न जाण्यावर ठाम राहावं, विक्रेता काहीही म्हणो.

चोवीस एचपी आणि काळं रान असेल तर माझा कौल साडेतीन फुटीला, चकतीवर सहा पाती असतील तरच. बयाणा देण्याआधी विक्रेत्याला यंत्र घेऊन तुमच्या रानात बोलवा, वाफशावर अर्धा तास चालवायला लावा आणि मागून चालत खोली स्वतः मोजा.