मारायचं, ओढायचं, उचकटायचं
अवजारांची नावं : भाग नववा

इंग्रजी-मराठी शब्दकोशात 'स्पेड' पाहिला तर फावडं सापडतं आणि 'शॉव्हल' पाहिला तरी फावडंच. स्पॅनिशकडे वळणाऱ्यांचीही तक्रार हीच असते. तिकडे दोन्हींना उत्तर एकच, 'पाला'. (आपल्याकडचा पाला शेळ्या खातात, तो वेगळा.) म्हणून स्पॅनिश भाषा खणण्याच्या बाबतीत दरिद्री आहे असं कुणी समजू नये. 'असादा', त्याहून दणकट 'असादोन', वाफ्यात हाताशी धरायची छोटी 'असादिया', 'पिको', 'सापापिको' अशी तिची स्वतःची रांग आहे. इंग्रजी माणसाला मात्र त्या सगळ्या रांगेतून नेमकं काय उचलावं ते कळत नाही.

अडचण शब्दात नाही, पात्यात आहे. स्पेडचं पातं दांड्याच्या सरळ रेषेत असतं. ते जमिनीवर उभं टेकवायचं, वरच्या काठावर बुटाचा पाय देऊन दाबायचं आणि ढेकूळ उलथायचं. ओलसर, मऊ आणि फारसे दगडगोटे नसलेली जमीन असेल तर याच्यासारखं सोयीचं दुसरं काही नाही. शॉव्हल खणण्यासाठी नसतोच. आधी सुटा झालेला माल त्याने भरायचा. असादाचं पातं दांड्याशी जवळजवळ काटकोन करतं. ती उचलून मारायची आणि माती स्वतःकडे ओढायची. आपलं फावडं याच घराण्यातलं आहे. म्हणजे 'स्पेड'ला फावडं म्हणणारा शब्दकोश पायाने दाबायच्या हत्याराला हाताने ओढायच्या हत्याराचं नाव देऊन मोकळा होतो. मराठीतून स्पॅनिशमध्ये जाणाऱ्याने खरं तर इंग्रजीला मध्ये घेऊच नये. फावड्याला असादा म्हणावं, काम झालं. इंग्रजीच्या वाटेने गेलात तर तिथला 'हो' आडवा येतो. त्या नावाने बागेतलं तण काढायचं हलकं हत्यारच आधी डोळ्यांपुढे येतं, आणि आपल्या फावड्याचं पार खुरपं होऊन जातं.

गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात उन्हाळ्यात समतल चराचं किंवा बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, खोलीकरणाचं काम चालू असेल, तर ही विभागणी उघड्या डोळ्यांनी दिसते. एप्रिल-मेमध्ये जमीन तापून टणक झालेली असते. तिथे स्पेडवर उभं राहून कितीही दाबलं तरी पातं बोटभरही आत जाणार नाही, आणि अनवाणी किंवा चपलेच्या पायाने दाबणाऱ्याचा तळवा मात्र सोलून निघेल. अशा जमिनीत वजन उंचावरून आणावं लागतं. म्हणून आधी कुदळ. तिचं तोंड अरुंद, जोर एका जागी बसतो. कुदळीलाही दाद दिली नाही, तर मुरुमात टिकाव. एक तोंड अणकुचीदार, दुसरं चपटं. स्पॅनिश सापापिकोची ठेवण जवळपास हीच. विदर्भात कामावर त्याला गैतीही म्हणतात. मग फुटलेली माती फावड्याने, म्हणजे तिकडच्या बोलण्यात पावड्याने, ओढून घमेल्यात भरायची. इथून मुरूमगावच्या वाटेने छत्तीसगडात उतरलं की तेच पावडं 'रापा' होतं, आणि पश्चिमेला थेट गोव्यापर्यंत गेलं की 'खोरें'. नावं कोसाकोसाला बदलतात, हाताची चाल तीच राहते.

पावसाळ्यात याच तालुक्यात कुदळ घरात आणि पावडं बांधीत. धानाच्या बांधीत चिखल असतो. खचलेला बांध भरून काढायचा, पाणी सोडायला त्याला तोंड पाडायचं, पुन्हा बुजवायचं, हे सगळं काम रुंद पात्याचं. कुदळ तिथे नुसतीच चिखलात रुतेल.

रोजगार हमीच्या कामावर या फरकाला रुपयांची किंमत येते. महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा 1977 चा, तो अमलात आला 26 जानेवारी 1979 ला. केंद्राची योजना 2 फेब्रुवारी 2006 ला देशातल्या पहिल्या 200 जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत गडचिरोली आणि चंद्रपूर दोन्ही होते. मातीकामाची मजुरी घनमीटरवर मोजतात. खड्ड्याच्या मध्ये मातीचा एखादा खांब न खणता सोडला, की मूळ उंची त्यावरून कळते. पण मऊ माती, कठीण माती, मुरूम, कठीण मुरूम यांचे दर वेगळे असतात. मोजमाप पुस्तिकेत मुरुमाची नोंद माती म्हणून झाली, तर तेवढाच घाम कमी पैशांत जातो. कोणत्या हत्याराला जमीन दाद देते हीच खरी मातीची परीक्षा, असं माझं मत आहे. नुसता रंग बघून जमिनीची जात ठरवणाऱ्यांवर माझा फारसा विश्वास नाही.

आणखी एक गोष्ट भाषांतरात हमखास सुटते, ती म्हणजे नेढं. कुदळ, टिकाव, फावडं या तिघांनाही दांडा आरपार जायला भोक असतं. दांडा मोडला तर धावड्याची चिवट फांदी तासायची, नेढ्यात घालायची, पाचर ठोकायची. घरच्या घरी दुरुस्ती. लोहाराकडे जायचं ते फक्त तोंड पाजवून घ्यायला. स्पेडचा दांडा खोबणीत बसवून रिव्हेटने पक्का करतात. जंगलाच्या कडेला, बाजारापासून लांब राहणाऱ्या माणसाला कोणतं परवडेल हे सांगायला नको.

सरळ पात्याचा शॉव्हल आपल्याकडे आलाच नाही असं नाही. वाफेच्या इंजिनात कोळसा त्यानेच लोटत. चंद्रपूरकडे दुर्गापूर-पद्मापूरच्या खुल्या खाणींत मात्र 'शॉवेल' म्हटलं की डंपर भरणारं अजस्र यंत्रच समजतात. तिथे भाषांतराची गरज कुणाला पडलेली नाही.

उरली पहार, विदर्भातली सब्बल. ती मारत नाही, ओढत नाही, खुपसून उचकटते. तिचं मूळ टोकदार काठीत. जंगलातले कंद उकरायला माणसाने जगभर तीच वापरली. मेक्सिकोत तिचं नाव 'कोआ'. पेरूच्या डोंगरात तिला पाय ठेवायला आडवी खुंटी जोडली आणि 'चाकिताक्या' हा पायनांगर झाला, इंकांच्या काळापासूनचा. म्हणजे पायाने दाबायची युक्ती युरोपची एकट्याची नव्हे. आपल्या लोखंडी सब्बलीला स्पॅनिशमध्ये 'बार्रेता' म्हणा. लॅटिन अमेरिकेतला खाणकामगारही लगेच ओळखेल.

मुहूर्ताला पुढारी कुदळच का मारतात, फावडं का ओढत नाहीत, हा प्रश्न मी वाचकांवर सोडतो. पुढच्या आठवड्यात विळा, खुरपं आणि कोयता.