बोटांना दिसणारं ऑपरेशन

मांजरीच्या पोटावर, बेंबीच्या जरा खाली, जेमतेम दोन सेंटिमीटरची चीर. त्या चिरेतून आत डोकावलं तर थोडी चरबी सोडून काहीच दिसत नाही. तरीही सराईत सर्जन बोथट टोकाचा एक वाकडा हूक आत सरकवतो, पोटाच्या आतल्या भिंतीला लागून नेतो, किंचित वळवतो आणि वर घेतो. हुकाला अडकून गर्भाशयाचं एक बारीक, गुलाबी शिंग बाहेर येतं. मांजर आणि कुत्री, दोघींच्या गर्भाशयाला अशी दोन लांब शिंगं असतात आणि प्रत्येक शिंगाच्या टोकाला एक अंडाशय. शिंगाचा माग धरत बोटं वर गेली की मूत्रपिंडाच्या जरा मागे चण्याएवढं अंडाशय सापडतं. हा सगळा शोध डोळ्यांनी नाही, बोटांनी लागतो.

अंडाशय इतकं वर, मूत्रपिंडापाशी का? कारण गर्भात ते तिथेच तयार होतं. नराचे वृषण जन्माच्या आसपास खाली उतरत थेट शरीराबाहेरच्या पिशवीत येतात. मादीचं अंडाशय जन्मभर आपल्या मूळ जागेजवळच राहतं आणि एका चिवट बंधाने शेवटच्या बरगडीपाशी जखडलेलं असतं. नराचं ऑपरेशन काही मिनिटांत उरकतं आणि मादीचं पोट उघडावं लागतं, त्यामागे एवढंच कारण आहे. कुत्रीच्या बाबतीत हा बंध फारच ताठ असतो. सर्जन तो बोटाच्या टोकाने, न बघता, हळूहळू ताणून सैल करतो. शेजारूनच अंडाशयाची रक्तवाहिनी जाते. बंध सुटला पाहिजे आणि वाहिनी तुटता कामा नये. संपूर्ण ऑपरेशनात सर्वांत वेदनादायक क्षण हाच असतो. भूल उथळ असेल तर नेमकं इथे जनावराचं हृदय धावू लागतं, श्वास भरभर होतो.

घरच्या मांजरीचं किंवा कुत्रीचं निर्बीजीकरणाचं ऑपरेशन करायचं ठरलं की प्रश्न येतो तो कुठे करायचं हा. एकीकडे प्राणी कल्याण संस्थेचं केंद्र, जिथे हजार-दोन हजारांत काम होतं. दुसरीकडे खाजगी दवाखाना, जिथे त्याच ऑपरेशनाचं बिल त्याच्या कित्येक पट येतं. जीव लावलेलं जनावर असतं, त्यामुळे मनात लगेच शंका येते की स्वस्त म्हणजे कुठेतरी हयगय असणार. ही शंका मला समजते. पण या ऑपरेशनाची मला जेवढी माहिती होत गेली, तेवढं वाटत गेलं की बिलाच्या आकड्यावरून त्या चिरेतल्या कामाचा अंदाज बांधता येत नाही.

बोटांनी बघायला शिकण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे पुन्हा पुन्हा करणं. खाजगी दवाखान्याच्या डॉक्टरांचा दिवस लसी, त्वचेचे विकार, उलट्या-जुलाब, मोडलेले पाय यांत विभागलेला असतो आणि मादीचं ऑपरेशन अधूनमधून येतं. निर्बीजीकरण केंद्रातला सर्जन तेच एक काम रोज, ओळीने करतो. मांजरीच्या रक्तवाहिन्या इतक्या बारीक असतात की असे सर्जन अनेकदा वेगळा धागा वापरतच नाहीत. आर्टरीच्या चिमट्यावर तीच वाहिनी गुंडाळून तिची तिलाच गाठ मारतात. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे खरं वाटेना. शरीराचा तुकडा शरीरालाच बांधायचा, बाहेरचं काही आत ठेवायचं नाही, आणि गाठ पक्की बसते. अशा हातात मांजरीचं ऑपरेशन दहा मिनिटांच्या आत आटोपतं. ज्याला सवय कमी, त्याला अर्धा-पाऊण तास लागू शकतो.

वेळ महत्त्वाचा, कारण पोट उघडं असताना शरीराची उष्णता भराभर निघून जाते. पोटावरचे केस काढलेले, त्वचेवर स्पिरिट उडून जात असलेलं, स्नायू भुलेने ढिले पडलेले, आणि जीव दीड-दोन किलोचा. गारठलेलं पिल्लू भुलेतून उशिरा बाहेर येतं. कमी वेळात संपलेलं ऑपरेशन ही नुसती हातचलाखी नाही, ती त्या पिल्लाची सुरक्षितता आहे.

याचे आकडेही आहेत. अमेरिकेतल्या एका मोठ्या निर्बीजीकरण केंद्रातल्या 71,557 कुत्र्या-मांजरांचा अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. मृत्यूचं प्रमाण दर दहा हजारांत तीनच्या आसपास निघालं. त्याआधी ब्रिटनमध्ये 2002 ते 2004 या काळात भूल दिलेल्या प्राण्यांची मोठी पाहणी झाली होती. त्यात निरोगी कुत्र्यांमध्ये दहा हजारांत सुमारे पाच आणि निरोगी मांजरांमध्ये सुमारे अकरा मृत्यू दिसले. ब्रिटनच्या पाहणीत सगळ्या प्रकारची ऑपरेशनं होती आणि काळही आधीचा, त्यामुळे हे आकडे एकमेकांसमोर ठेवून निकाल देता येत नाही. पण गर्दीचं केंद्र म्हणजे धोक्याचं केंद्र, हा समज त्यांच्यापुढे टिकत नाही.

स्वस्त केंद्रांची ही कल्पना आली रस्त्यावरून. लॉस एंजेलिस शहराने 1971 मध्ये कमी खर्चाचा नसबंदी दवाखाना सुरू केला, तो आश्रयगृहांत मारल्या जाणाऱ्या प्राण्यांची संख्या घटावी म्हणून. मुंबईचा इतिहास त्याहून जुना आहे. 1832 मध्ये कंपनी सरकारने भटकी कुत्री मारायला काढली, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि शहर बंद पडलं. मारून संख्या आटोक्यात येत नाही, हे मान्य व्हायला मात्र पुढे दीडशेहून जास्त वर्षं गेली. 2001 मध्ये प्राणी जन्म नियंत्रणाचे केंद्रीय नियम आले आणि 2023 मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. गल्लीतल्या कुत्र्याच्या कानाला दिसणारी छोटी खाच ही नसबंदी झाल्याची खूण. गोव्यात तर वर्ल्डवाइड व्हेटरनरी सर्व्हिस या संस्थेच्या प्रशिक्षण केंद्रात देशोदेशीचे पशुवैद्य हेच एक ऑपरेशन शिकायला येतात.

रस्त्याने या शस्त्रक्रियेला पुष्कळ शिकवलं. आपल्याकडच्या अनेक केंद्रांत कुत्रीला पोटाऐवजी उजव्या कुशीतून उघडतात. तिचं उजवं अंडाशय डाव्यापेक्षा जास्त वर असतं, म्हणून अवघड बाजूनेच शिरायचं. सोडून दिलेल्या कुत्रीची कुशीवरची जखम लांबूनही दिसते आणि ती अंगावर पाजणारी असेल तर दुधाने भरलेले सड आड येत नाहीत. टाके आतल्या आत, विरघळणाऱ्या धाग्याचे, कारण ते काढायला तिला पुन्हा कोण पकडणार? आज खाजगी दवाखान्यातल्या लाडक्या लॅब्रॅडॉरलाही असे बुडालेले टाके घालतात.

तर मग खाजगी दवाखाना जास्तीचे पैसे कशाचे घेतो? मुख्यतः चिरेच्या बाहेरच्या गोष्टींचे. आधीची रक्त तपासणी, शिरेतून सलाईन, श्वासनलिकेत नळी, गॅसची भूल, ऑक्सिजन आणि नाडी दाखवणारं यंत्र, नंतर देखरेख, घरी द्यायची वेदनाशामकं. केंद्राला देणग्या आणि अनुदानाचा आधार असतो, शिवाय एका दिवसात अनेक ऑपरेशनं होत असल्यामुळे खर्च वाटला जातो. खाजगी डॉक्टरला जागेचं भाडं आणि यंत्रांचे हप्ते त्याच बिलातून काढावे लागतात. त्याला लुटारू म्हणणं अन्यायाचं आहे.

यातली भुलेची गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. केंद्रांमध्ये बहुधा झायलाझिन आणि केटामिनसारखी इंजेक्शनची भूल असते. केटामिन मेंदूला शरीरापासून तोडतं, झोपवत नाही. मांजरीचे डोळे उघडेच राहतात, पापणी लवत नाही, म्हणून बुबुळं कोरडी पडू नयेत यासाठी मलम घालतात. इंजेक्शन एकदा दिलं की परत काढता येत नाही. झायलाझिनचा असर उलटवणारं औषध आहे, केटामिनचं नाही. आयसोफ्लुरेन या गॅसचं नेमकं उलट. शरीर त्याला जवळपास हातही लावत नाही. तो फुप्फुसातून जातो आणि फुप्फुसातूनच बाहेर पडतो, त्यामुळे दर श्वासागणिक भूल कमीजास्त करता येते. दहा मिनिटांच्या कामाला, तरुण आणि निरोगी मांजरीला, नीट मोजून दिलेली इंजेक्शनची भूल सहसा पुरते. पाऊण तास लागणार असेल तर गॅस हवाच. कोणती भूल चांगली हे हात किती सराईत आहेत आणि जनावर कसं आहे यावर ठरतं.

म्हणून माझं मत असं. सहा महिन्यांची, धडधाकट, देशी मांजर असेल आणि जवळ नाव असलेलं केंद्र असेल, तर तिथे नेण्यात काही कमीपणा नाही, उलट अनेकदा तोच जास्त सराईत हात असतो. पण पर्शियन मांजर किंवा पग असेल तर मी खाजगी दवाखान्याचा खर्च करायला सांगेन. चपट्या नाकाच्या जनावरांचा श्वासमार्ग मुळातच अरुंद असतो आणि भुलेतून बाहेर येताना त्यांच्याजवळ कुणीतरी बसून राहावं लागतं. वय झालेली, लठ्ठ, हृदयात घरघर असलेली किंवा माजावर असलेली कुत्री यांनाही हेच लागू. माजात गर्भाशयाच्या वाहिन्या फुगलेल्या असतात, म्हणून कुत्रीच्या बाबतीत बहुतेक डॉक्टर दोन-तीन महिने थांबायला सांगतात. गोल्डन रिट्रिव्हरसारख्या मोठ्या जातींत फार लवकर ऑपरेशन केलं तर सांध्यांचे आजार वाढतात, असं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांना 2013 मध्ये आढळलं. त्यांच्यासाठी केव्हा करायचं हा प्रश्न कुठे करायचं याच्या आधी येतो.

पैसे साठेपर्यंत वर्षानुवर्षं टाळत राहणं मात्र महाग पडतं. स्वीडनमध्ये बहुतेक कुत्र्यांचा विमा उतरवलेला असतो. तिथल्या नोंदींवरून दिसलं की ऑपरेशन न केलेल्या माद्यांपैकी जवळपास चौथा हिस्सा दहा वर्षांच्या आत गर्भाशयात पू होण्याने आजारी पडतो. तेव्हा तेच ऑपरेशन रात्री-अपरात्री, तापाने फणफणलेल्या, वय झालेल्या शरीरावर करावं लागतं. मांजरींच्या स्तनातल्या गाठी तर बहुतांशी कर्करोगाच्याच असतात आणि सहा महिन्यांच्या आत ऑपरेशन झालं तर तो धोका खूपच घटतो.

तिसरा पर्यायही आहे आणि तो फार कमी लोकांना सुचतो. परळचं बाई साकरबाई रुग्णालय, जुन्या मुंबईकरांचं बैलघोडा हॉस्पिटल, आणि त्याच आवारात 1886 पासून असलेलं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय. तशीच महाविद्यालयं नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळला आहेत. तिथे विद्यार्थी शिकत असल्यामुळे वेळ जास्त लागू शकतो, पण अनुभवी प्राध्यापक शेजारी असतात आणि शुल्क बेताचं असतं.

कुठेही गेलात तरी आधी जाऊन उभ्या उभ्या चार गोष्टी विचारा. ऑपरेशन कोण करणार आणि त्यांच्या हातून अशी किती होतात. डॉक्टर चीर घेत असताना श्वास आणि नाडीवर नजर ठेवायला दुसरं माणूस आहे का. दर जनावराला निर्जंतुक केलेला वेगळा हत्यारांचा संच आहे का. लहान पिल्लू असेल तर किती तास उपाशी ठेवायचं. त्याला रात्रभर उपाशी ठेवलं तर रक्तातली साखर उतरते, आणि जिथे सगळ्यांना एकच नियम सांगतात तिथे मला जरा शंका येते. वेदनेचं औषध घरी देणार का, हेही विचाराच. नाही म्हणाले तर आपल्या मनाने घरातली गोळी देऊ नका. पॅरासिटामॉल फोडायची यंत्रणा मांजरीच्या यकृतात नीट नसते. माणसाला निरुपद्रवी असलेली एक गोळी तिचा जीव घेऊ शकते. हे प्रश्न ऐकून जे चिडतील त्यांच्याकडे, बिल कितीही असो, जाऊ नका.

पुष्कळ अनुभवी मंडळी दोन्हींचा मेळ घालतात आणि मला तेच सर्वांत शहाणपणाचं वाटतं. आधीची तपासणी आणि गरज असेल तर रक्त गल्लीतल्या नेहमीच्या डॉक्टरकडे, ऑपरेशन केंद्रात, आणि नंतरची देखभाल पुन्हा त्या डॉक्टरकडे. केंद्राचा फोन रात्री कुणी उचलेलच असं नाही, म्हणून पहिल्या रात्री कुणाला हाक मारायची ते आधीच बोलून ठेवायचं. हिरड्या पांढऱ्याफटक दिसल्या, जनावर उठवूनही उठत नसलं किंवा जखमेतून रक्त थेंबाथेंबाने गळत राहिलं तर सकाळची वाट बघायची नाही.

आणि केंद्रातून निघताना कागद मागून घ्या. कोणती भूल, कोणती औषधं, आणि दोन्ही अंडाशयांबरोबर गर्भाशयही काढलं की नुसती अंडाशयं. युरोपात कित्येक ठिकाणी फक्त अंडाशयं काढतात आणि ते पुरतं. अंडाशयाचा बारीकसा तुकडा आत राहिला तर काही महिन्यांनी मांजर पुन्हा रात्रभर ओरडू लागते. तेव्हा नेहमीच्या डॉक्टरला शोध कुठून सुरू करायचा हे त्या एका कागदावरून कळतं.