सुरक्षा झडप, जलतापकाची
घरगुती जलतापकाच्या बंद टाकीतील दाब ठराविक मर्यादेबाहेर गेल्यास पाणी बाहेर सोडणारी स्प्रिंगयुक्त झडप. २०° से. पासून ६०° से. पर्यंत तापविल्यास पाणी सुमारे १·५ टक्के प्रसरण पावते. पुरवठा नळीत एकदिशा झडप असल्यास हे जादा पाणी सुरक्षा झडपेतून ठिबकते. तो दोष नव्हे. तापन बंद असतानाही गळती चालू राहिल्यास पुरवठ्याचा अधिक दाब अथवा झडपेच्या बैठकीवर साचलेले क्षार ही कारणे संभवतात. वीजपुरवठा तोडून, पाणी निवल्यावर झडपेची तरफ उचलल्यास साका वाहून जातो. तरीही गळती न थांबल्यास दाब कमी करतात किंवा झडप बदलतात. गळती थांबविण्यासाठी निर्गममार्ग मात्र कधीही बुजवू नये. थर्मोस्टॅट बिघडल्यास दाबाखालील पाणी १००° से. च्या वर तापते आणि टाकी फुटताच त्यातील काही भागाची क्षणार्धात वाफ होऊन स्फोट होतो.